वाढत्या अंगाचं

आमच्या वहिनीला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. लोकरीचं ती भर उन्हाळ्यात घेते. सेलची पाटी दिसली की आधी काल भाव काय होता ते विकणाऱ्याच्या तोंडून काढून घेते. कपडा उलटा करून शिवण बघणार, बॅगेची चेन सगळ्यांसमोर खसाखसा ओढणार, आणि वर 'काचेतला पीस आहे, उन्हानं रंग उडालाय' म्हणून अजून कमी करून मागणार. मी तिची नणंद. शाळेत पी.टी. शिकवायचे, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. पण दुकानात मी तिच्यापुढे मुकाट उभी असते.

त्या शनिवारी चिंगीची खरेदी होती. चिंगी माझी भाची, माझ्या भावाची मुलगी. दूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता, हॉस्टेलची खोलीही मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. गेली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, हे त्यांनी दोनदा कळवलं होतं.

चिंगीनं एक निळं जाकीट अंगात घातलं. छान बसलं. आरशात बघून पोरगी चक्क हसली. वहिनी म्हणाली, "हे नको. वाढत्या अंगाचं घ्यावं." आणि तिनं दांडीवरचं दुसरं एक उचललं आणि चिंगीच्या शेजारी, मोकळ्या जागेत, धरलं. चिंगीच्या डोक्याच्याही वर. मान जरा कलती करून बघितलं, बाह्या सरळ केल्या, खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. "हे बरोबर आहे," म्हणाली.

तिथं कुणी नव्हतं. म्हणजे आमचा लांबू होता.

लांबू चिंगीचा मोठा भाऊ. कॉलेजला जायच्या आधीच्या सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि गेला. ताडमाड पोरगा, दर सहा महिन्यांनी पँट आखूड व्हायची, म्हणून वहिनीला मोठ्या मापाचं घ्यायची सवय लागलेली. तो गेल्यावर सवय गेली नाही. दर सेलला त्याच्यासाठी काहीतरी येतंच. हवेत धरून माप घेते ती, आणि दरवर्षी तिचा हात थोडा वर जातो. खोटं कशाला बोलू, त्या हाताची मला भीती वाटते. तो मेलाय, पण आमच्या घरात त्याचं वाढणं काही थांबलेलं नाही.

विकणारी मुलगी चिंगीकडे बघत म्हणाली, "यांना फार ढगळ होईल हो."

"होऊ दे," चिंगीच म्हणाली. "चालेल मला."

घरी येऊन मी पिशव्या पलंगावर उपड्या केल्या. ते मोठं जाकीट, शर्ट, चपला, स्वेटर, रेनकोट. चपलांत चिंगीचे दोन्ही पाय एकदम मावले असते. पोरीच्या मापाचा एक रुमाल म्हणाल तर नाही, तोही बाप्यांचा, चौकड्यांचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाऊ माझा समोरच होता, पण तो असल्या वेळी मूग गिळून बसतो. मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

"ही तयारी कुणाची चालवली आहेस तू?"

"असं काय विचारता वन्सं," वहिनी भांडी पुसत म्हणाली. "कॉलेजची."

"कुणाच्या कॉलेजची?"

तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. "हळू बोला," म्हणाली. "आत अभ्यास चाललाय."

आतल्या खोलीत दिवासुद्धा लावलेला नव्हता. चिंगी तर माझ्या मागेच उभी होती.

तिनं माझा दंड धरून मला गॅलरीत नेलं. "आत्या, राहू दे. मी जातच नाहीये."

"वेड लागलंय का तुला?"

"मी गेले तर आईजवळ कोण?"

"आम्ही मेलो का? मी आहे, तुझा बाप आहे."

"तुमच्याकडे बघितलं की तिला तुम्हीच दिसता," चिंगी म्हणाली. "माझ्याकडे बघितलं की दादा दिसतो. मी नसले तर ती कुठं बघेल?"

एवढीशी पोर, आणि हे केव्हापासून अंगावर घेऊन हिंडत होती कोण जाणे. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. मी म्हटलं, "एकाचं राहिलंच आहे. तू बसलीस घरात तर दोघांचं कॉलेज बुडेल. तुझ्या आईचं मी बघेन. जायचं म्हणजे जायचं."

ती कठड्याला टेकली. मग म्हणाली, "आई मला सोडेल?"

"न सोडायला काय झालं?"

चिंगी वळली. आत जाऊन ते भलंमोठं सामान एकेक घडी करून बॅगेत भरायला लागली.

रविवारी सकाळी आम्ही दोघी तिला बसवर सोडायला गेलो. भावाला ड्यूटी होती, म्हणजे त्यानं मागून घेतली होती. चिंगीनं तेच ढगळ जाकीट घातलेलं, बोटंसुद्धा बाहेर दिसत नव्हती. बस लागली, बॅग वर चढली, आणि वहिनीनं चिंगीचा हात घट्ट धरला. सोडेचना. कंडक्टर दोनदा ओरडला, मागची माणसं कुरकुरायला लागली. मी बोटं सोडवायला गेले तर ती लाकडासारखी ताठ. माझ्या मनात आलं, संपलं, ही काही पोरीला जाऊ देत नाही.

मग वहिनी म्हणाली, "नीट जा. पोचलास की फोन कर."

लाडानं मुलीला कुणी असं म्हणतात, पण आमच्यात ती पद्धत कधीच नव्हती. मी तोंड उघडलं, एवढ्यात चिंगीनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको म्हणून. आणि आईच्या डोळ्यांत बघत, जरा आवाज जाड करून म्हणाली, "हो आई. पोचलो की करतो."

वहिनीचा हात सुटला.

चिंगी चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली, आम्हाला तोंड दिसू नये अशी. बस वळणाआड गेली. वहिनीनं एक मोठा श्वास सोडला, पदरानं कपाळ पुसलं. इतक्या वर्षांत तिचा चेहरा एवढा मोकळा मी बघितला नव्हता. मलाही वाटलं, चला, लबाडीनं का होईना, गेला एकदाचा. पोरीनं दोघांना सोडवलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जरा बसू या का इथं? चहा घेऊ."

"चहा कसला वन्सं," वहिनी म्हणाली, आणि माझ्यापुढे भराभर चालायला लागली. "पाय उचला. चिंगी घरी एकटीच आहे."