नाकाखालची तीस वर्षं

पल्लवीला वाटलं होतं, गाव स्वतःवर हसेल. गाव हसलं, पण स्वतःवर नाही. हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी तिच्या वरच्या ओठावर बसले होते.

मी एक मिशी बोलतेय. खोटी मिशी. खऱ्या मिशीला जन्मभर एकच तोंड सांभाळावं लागतं. मी चाळीसेक तोंडं पाहिली आहेत, आणि तीही सगळ्यांत जवळून. बोलण्याआधी माणूस श्वास कसा घेतो ते मला कळतं. खोटं बोलायचं असलं की जरा जास्त घेतो.

माझा जन्म पेडण्याचा, सत्त्याऐंशी सालचा. गोवा राज्य झालं त्याच महिन्यात रघुनाथमामानं एकेक केस जाळीत ओवून मला घडवलं. रघुनाथमामा म्हणजे गावोगावच्या उत्सवी नाटकांत रंगभूषा करणारा माणूस. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत असा राजा नव्हता, ज्याच्या गालाला त्याचा हात लागला नाही.

माझा मुक्काम बहुतेक डिचोली तालुक्यातल्या एका गावात असे. त्या दिवसांत भाषेचा वाद तापलेला होता. निम्मं गाव म्हणे कोंकणी, निम्मं म्हणे मराठी. दोन्ही बाजू एकमेकींशी कोंकणीत भांडत, आणि भांडून दमल्या की तालमीला येऊन, मला लावून, मराठीत गर्जत. "सेनापती, सैन्य सज्ज करा!" सेनापती खाणीवर फोरमन. सैन्य तीन माणसांचं, त्यातला एक बस चुकल्यामुळे आलेलाच नाही.

राजा कायमचा एकच, गुरुदासबाब. ते गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे त्यांना गादीसाठी वेगळं युद्ध करावं लागलं नाही. विंगेत रामचंद्र बसे, हातात नाटकाची वही घेऊन. तो प्रॉम्प्टर. पाठांतर करणं राजाला शोभत नसल्यामुळे प्रत्येक वाक्य आधी रामचंद्र म्हणे, मग राजा म्हणे. प्रेक्षकांना एका नाटकात दोन नाटकं ऐकायला मिळत.

आणि पडदा ओढायला काशिनाथ. हा घाटावरचा, चंदगडकडचा, खाणीवर कामाला आलेला. गावातल्या प्रत्येकाला स्टेजवर दिसायचं होतं, आणि पडदा ओढणारा दिसत नाही, म्हणून ते काम त्याच्याकडे गेलं ते गेलंच. हँडबिलावर रंगभूषा, प्रकाश, ध्वनी, चहा अशी सगळ्यांची नावं येत. पडद्याचं येत नसे.

पुढे म्हापशाच्या बाजारात तयार मिशा मिळू लागल्या, मागे गोंद लावलेल्या, स्वस्त आणि चकचकीत. मी बिस्किटांच्या डब्यात गेले. तिथं माझ्याबरोबर एक जटा होती आणि अर्धी दाढी. बोलण्यासारखं कुणी नव्हतं.

डबा उघडला तो पल्लवीमुळे. ती रघुनाथमामाची भाची. अकरावीला दिल्लीला गेली, सव्विसाव्या वर्षी परत आली. तिथं ती एकटीनं माईक धरून उभी राहायची आणि लोकांना हसवायची. पडद्यावरही तिचं काम झालं होतं. एका मालिकेत ती शेजारीण होती, चार दिवस. तीन दिवस तिनं दार उघडलं, चौथ्या दिवशी लावून घेतलं.

"मामा, तिथं मी इंग्रजीत आपल्या गावावर विनोद करते," ती म्हणाली, "आणि ज्यांनी गाव बघितलं नाही ते हसतात. ह्याला काही अर्थ आहे?"

"हांसतात मगो? मग हांगा कित्याक आयलें?"

"आपल्या माणसांना आपल्या बोलीत हसवायला. जो समाज स्वतःवर हसतो तोच सुधारतो, मामा."

मामानं मग उठून डबा काढला. "विचार तुझ्याकडे भरपूर आहेत. मिशी नाही. ही घे."

तिनं आठ दिवस बसून विनोद लिहिले. विषय एकच, गावाचं नाटक मंडळ. मला लावून ती अध्यक्ष होणार होती. जत्रेत मुख्य नाटकाच्या आधी, दिवेलागणीला, तिला वीस मिनिटं मिळाली. मंडळाची एकच अट होती, लिहिलेलं रामचंद्राकडे द्यायचं. प्रॉम्प्टरशिवाय आमच्या स्टेजवर कुणी बोलत नाही.

ती उभी राहिली. पहिला विनोद छान सुरू झाला. मग हशाच्या वाक्याआधी ती थांबली. तिच्या धंद्यात तसं थांबावंच लागतं, लोकांना ताणून धरायला. मला तिच्या ओठावर तो ताण जाणवत होता. आणि रामचंद्राला वाटलं, मुलगी विसरली. तीस वर्षांच्या सवयीनं, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यानं विनोद सांगून टाकला.

दुसऱ्या विनोदाला ती थांबली. रामचंद्र थांबला नाही.

तिसऱ्याला तिनं मान वळवून डोळे वटारले. "फुडलें विसरलें गो?" त्यानं मायेनं विचारलं, आणि पुढचं पान वाचलं.

मांडव गप्प होता. आमच्याकडे मागच्या रांगा पुढच्या रांगेकडे बघून हसतात. पुढच्या रांगेत मधोमध गुरुदासबाब बसले होते, आणि मंडळावरच्या विनोदाला गुरुदासबाब हसत नव्हते. पल्लवीच्या ओठावर घाम आला. माझी एक बाजू सुटून खाली लोंबू लागली.

लोंबणारी मिशी बघून कुणीतरी फिसकन हसलं. माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो. तिनं माझी दुसरी बाजूही खाली ओढली, खांदे पाडले, गुडघे फाकवले, आणि घाटावरून आलेला कामगार झाली. "आवं मालक, कुठं टाकू ही पाटी, तुमच्या डोसक्यावर?" रामचंद्राच्या कागदात हे नव्हतं, त्यामुळे तो पहिल्यांदा गप्प बसला.

गुरुदासबाब हसले. मग मांडव हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पल्लवीनं दहा मिनिटं तेच केलं. पाटी, विडी, बस चुकणं, गोव्याच्या बाईशी बोलताना जीभ अडखळणं. मी तीस वर्षांत इतका हशा ऐकला नव्हता. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला.

ती विंगेत आली तेव्हा काशिनाथ दोर हातात धरून उभा होता.

"पडदा टाकू ताई, की आणखी हाय?"

"टाका," ती म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून तिनं विचारलं, "कसं झालं?"

"लई हसले लोक," काशिनाथ म्हणाला. "फकस्त आम्ही एवढं वरडत न्हाई." आणि त्यानं दोर सोडला.

गुरुदासबाबांनी मागे येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मंडळाचें राहूं दी गो बाय. घाट्याचें बरें जालें. शिगम्याक आनीक एकदां कर." जो समाज सुधारायचा होता त्यानं तिला नारळ, शाल आणि होळीच्या उत्सवाचं आमंत्रण दिलं.

कुणीतरी फोनवर तिचं चित्रण केलं होतं. ते गावभर फिरलं, गावाबाहेर गेलं, आणि महिन्याभरानं मुंबईहून फोन आला. स्वप्नील नावाचा एका चित्रपटाचा सहायक बोलत होता. पेडण्याच्या किनाऱ्यावर चित्रीकरण होतं. दोन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी साधे प्रसंग, दुसऱ्या दिवशी थेट नायकासमोर, चेहऱ्यावर कॅमेरा. "आणि मॅडम, मिशी आणा. डायरेक्टरना मिशी फार आवडली आहे."

पल्लवीनं फोन ठेवून मला उन्हात वाळत घातलं. दार उघडण्या-लावण्यापलीकडचं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं.

भूमिका होती रोझी नावाच्या बाईची. ही दुपारी पिते, नवऱ्याची मिशी लावते आणि माशांच्या टोपलीत पडते. पल्लवीच्या घरी बाटली आली असेल तर ती मामाच्या रंगभूषेच्या स्पिरिटची. तरी ती झोकांड्या खात चालली. दोनदा टोपलीत पडली. बांगडे खरे होते, आणि मी नाकाखाली असल्यामुळे त्यांची ओळख नीट झाली.

"मॅडम, थोडं अजून गोवन द्या ना," स्वप्नील म्हणाला.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... आळशी. सुस्त. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मॅन म्हणा."

"मी डिचोलीची आहे. आमच्याकडे मॅन कुणी म्हणत नाही."

"प्रेक्षकांना कुठं माहीत आहे?" तो अगदी गोड आवाजात म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो, जेवणात तिच्यासाठी मासळी वेगळी काढून ठेवली होती. "अहो, तुम्ही त्या व्हिडिओत केलंत ना, तस्संच करा. फक्त आता तुमच्या लोकांचं."

तिनं श्वास घेतला. जरा जास्तच घेतला. आणि केलं. सगळे पोट धरून हसले, कॅमेऱ्यामागचेसुद्धा. ती तिसऱ्यांदा टोपलीत पडली तेव्हा उठायला तिला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी नऊला गाडी येणार होती. सातलाच तिनं मला पर्समध्ये टाकलं आणि चालत काशिनाथच्या खोलीवर गेली. खाणी बंद पडल्यापासून तो गवंडीकाम करायचा. कामावर निघण्याआधी दारात बसून चहा पीत होता. तिलाही त्यानं काचेचा कोप भरून दिला.

"शूटिंगला गेला न्हाईसा?"

"जायचंय. काशिनाथदादा, जत्रेत मी तुमची नक्कल केली."

"ठाऊक हाय की. दोर माझ्याच हातात हुता."

"राग आला?"

"राग कशाला? लोक हसले म्हंजे झालं." त्यानं चहाचा घोट घेतला. "पर त्यात मी कुठं हुतो, ते काय मला सापडलं न्हाई."

पल्लवी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पर्सच्या उघड्या तोंडातून मीही पाहिलं, आणि मला जे दिसलं ते सांगायला लाज वाटते. काशिनाथला मिशीच नव्हती. गुळगुळीत ओठ, तिथं कधी वस्तऱ्याला फारसं काम पडलंच नसावं. अठरा वर्षं हा माणूस आमच्या स्टेजपासून चार हातांवर उभा होता. गावातली तीनशे माणसं त्याला रोज रस्त्यात भेटत होती. आणि मला लोंबवून पल्लवीनं त्याला उभा केला तेव्हा मांडवातलं एकही माणूस म्हणालं नाही, की अगो, त्याला मिशी कुठं आहे.

"तुम्ही कधी मिशी ठेवली होती?" तिनं विचारलं.

"छ्या. उगवतीय कुठं नीट."

तिनं कोप खाली ठेवला. "अठरा वर्षं तुम्ही आम्हाला विंगेतून बघताय. आम्ही कसे दिसतो, दादा?"

काशिनाथनं आधी रस्त्याकडे पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. मग हळूच सांगू लागला. "गुरुदासबाब दर साली शेवटच्या अंकात मरत्यात. पर पडदा पूर्ण पडायची वाट बघत न्हाईत, मधीच उठत्यात, धोतराला धूळ लागंल म्हणून. लोकास्नी दिसतं. मग आत येऊन माझ्यावर वराडत्यात, दोर सावकाश सोडला म्हणून. आता मला सांगा ताई, मेलेल्या माणसाला एवढी घाई कशाची?"

पल्लवी हसली. इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. दिल्लीपासून इथपर्यंत तिनं लोकांना हसवलं होतं, पण स्वतः अशी हसताना मी तिला पाहिली नव्हती.

"हे मी करून दाखवलं तर?" डोळे पुसत तिनं विचारलं. "तुमचं नाव नाही घेणार. पण त्यांना कळेल."

"कळू दे. मला काढलं तर दोर कोण वढणार? त्यांची पोरं? ती दिसणार न्हाईत की मग."

तिथूनच तिनं स्वप्नीलला फोन लावला. गाडी पाठवू नका, म्हणाली. तो गयावया करू लागला. आज नायक येतोय, आज तुमचा चेहरा दिसणार आहे, असं पुन्हा कुणी बोलावणार नाही. तिला ते माहीत होतं. तरी तिनं फोन बंद केला.

मला ती मामाकडे परत देऊन गेली. मी आता पुन्हा डब्यात आहे, जटेच्या आणि अर्ध्या दाढीच्या शेजारी. अंगाला बांगड्यांचा वास येतो, दोघंही तोंड फिरवून बसतात. माझी तक्रार नाही. जिथं जे नाही ते चिकटवणं हाच माझा जन्मभराचा उद्योग, आणि लोकांनी त्यालाच ओळख म्हटलं तर दोष एकट्या मिशीचा नाही. तुम्हाला एवढीच विनंती, की कुणाची नक्कल बघून पोट धरून हसाल तेव्हा जरा थांबून, ज्याची नक्कल चालली आहे त्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघा.

आणि त्या सकाळी पल्लवीनं ठरवलं ते असं. शिगम्याला ती स्टेजवर जाणार, ओठ मोकळा ठेवून, रामचंद्राच्या हाती एकही कागद न देता. आणि पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या गुरुदासबाबांसमोर, ते दर वर्षी मरतात तसं, अगदी बरोबर तसंच, मरून दाखवणार.