हसरा वाघ

सहदेवने उजवा हात मनगटापर्यंत कुंडात बुडवला. चटका सोसवेना, तरी त्याने तो बाहेर काढला नाही. सव गावच्या या गरम झऱ्याच्या पाण्याने आखडलेला हात सुटतो, असे दासगावला लाँचमधून उतरताना कोणीतरी सांगितले होते. गिरगावच्या शिळाछापखान्यात वर्षानुवर्षे दगडावर उलटी चित्रे काढून त्याची बोटे पेन्सिल धरल्यासारखीच वाकडी राहिली होती. रजा घेऊन तो पोलादपूरकडे आपल्या घरी निघाला होता, पण मालकाने पिशवीत काम घातलेच होते. मुलांच्या गोष्टीचे शेवटचे चित्र: वाघाच्या पाठीवर बसून रान ओलांडणारा पोरगा.

"वाघ हसरा हवा," मालक म्हणाले होते. "मुलं भ्यायली तर पुस्तक घरात कोण घेईल?"

हसरे वाघ त्याने ढिगाने काढले होते. चाळीतल्या बोक्यासमोर बसून त्याचे अंग उतरवायचे, तेच वाढवून वर पट्टे ओढायचे; तोंडासाठी समोर आरसा धरून आपणच हसायचे. हल्ली ते हसू काही केल्या डोळ्यांपर्यंत पोचत नसे. काल चित्र पुरे झाले आणि त्याला त्याची शिसारी आली. रागारागात दुसरा कागद ओढून त्याने लहानपणी आंबेनळीच्या रानात पाहिलेला वाघ काढला. जमिनीला पोट लावून दबलेला, कान मागे टाकलेला. हा पाठवला तर पुढचे काम मिळेलच असे नव्हते. हसरा पाठवला तर पुन्हा तेच हसरे वाघ.

हात पुसून त्याने दोन्ही कागद दगडाला टेकवून उभे केले आणि मागे सरला. लांबून पाहिल्याशिवाय त्याला आपलेच चित्र कळत नसे.

शेजारी गुडघे शेकत बसलेली म्हातारी वळून बघत होती. राहीबाई तिचे नाव, आंबेनळीखालच्या वाडीतली; सकाळी ओळखपाळख झाली होती.

"मावशे, यातला खरा वाघ कुठला गो?" त्याने विचारले.

तिने दबलेल्या वाघाकडे बोट केले. मग ओंजळीने गुडघ्यावर पाणी ओतले.

"माझ्या दामूला असल्याच वाघानं नेलान," ती म्हणाली. "गुरांमागं गेल्ता. सा वर्सांचा व्हता."

हसरा वाघ अजून तिच्यासमोर दात दाखवत उभा होता. सहदेवने तो कागद झटकन उचलला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडू नको, दादा. आण हिकडं."

लुगड्याला ओले हात पुसून तिने कागद मांडीवर घेतला. वाघावरून तिची नजर वर सरकली आणि पोरावर थांबली.

"ह्यो कुठं चाललाय?"

"घरी. आईकडं."

"आन् वाघ?"

"तोच पोचवतो त्याला."

"पोचवतो?"

"गोष्टीत पोचवतो, मावशे."

तिने हळूच मान हलवली. कागदावर पाण्याचा एक थेंब पडला होता, तो तिने पदराच्या टोकाने टिपून घेतला.

"मंग हेच धाड," ती म्हणाली. पोरावर बोट ठेवून पुन्हा म्हणाली, "पर पोर उघडंच हाय की रे. रानात गारठा असतो."

सहदेव तिच्याजवळ बसला. पेन्सिल बोटांत नीट धरवत नव्हती, तरी त्याने पोराच्या खांद्यावरून सदऱ्याची रेघ ओढली आणि बाही कोपरापर्यंत आणून थांबवली. राहीबाई वाकून बघत होती.

"जरा ढगळ काढ," ती म्हणाली. "फुडल्या साली बी अंगात जाया हवा."