राहिलेली अकरा मिनिटं

मी डीव्हीडीची मशीन बोलतेय. माझ्या पोटात एक जपानी पिच्चर आहे, अकरा मिनिटं बघायची राहिलेली, आणि त्या अकरा मिनिटांपायी मला राग आलाय. गोड बोलणार नाही, आधीच सांगते.

कारखान्यात मला कुणी लाडानं बनवलं नाही. स्क्रू पिळले, डबा बंद केला, झालं. पहिल्या घरी मी आहेरात गेले. त्यांनी लग्नाची तबकडी दोनदा लावली, मग घरात मोठे मोबाइल आले आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा जग बसला. माणसाची जातच अशी. नवं आलं की जुन्याचं टेबल करतात.

नांदेडच्या जुन्या बाजारातून मला उचललं पंचशीलानं. शाळेत खिचडी शिजवणारी विधवा बाई, चौथी शिकलेली, आवाज गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाणारा. बंद पडलेल्या सीडीच्या दुकानातून तिनं न खपलेल्या मालाचं एक पोतंही आणलं. जपानची भुतं, हाँगकाँगची हाणामारी, कोरियाचे सूड, थायलंडच्या चेटकिणी.

दुकानदार म्हणाला होता, "बाई, ह्यात एकबी ओळखीचा हीरो न्हाई."

"ओळखीच्यांचा कटाळा आला म्हणूनच नेऊन राहिले."

खाली पळणारी इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. ती तोंडं वाचायची. एकेक पिच्चर दहादहा वेळा. भाकरी थापता थापता माझ्याशी बोलायची, "जपानचं भूत पळत न्हाई बघ. नुसतं हुबं राहतं. म्हणून तर लई भ्या वाटतं. अन् कोरियावाला मारतानी रडतो. मारणाऱ्याला रडू येतं, हे आपल्याकडं सुचलं का कुणाला?" माझ्या पोटात काय फिरतं ते मला तिच्यामुळं कळलं.

मग गल्लीतल्या बाया यायला लागल्या. पंचशीला आवाज बंद करायची आणि उभी राहून सगळ्यांचे आवाज स्वतःच काढायची. त्यातल्या शिव्या जपानी किती आणि तिच्या किती, कुणास ठाऊक.

बुद्धपौर्णिमेच्या आधी विहार समितीचा अध्यक्ष संघपाल दारात आला. "जयभीम ताई. तुमच्याकडं जपानचा पिच्चर हाय म्हणं. खीर वाटून झाली की विहारात लावा."

"हाय भाऊ, पण तो..."

"पण-बिन न्हाई. जपान म्हंजे आपलेच लोक. भगवान बुद्धाचाच असंल."

गडी माणसाला बाईचं अर्धंच वाक्य पुरतं. उरलेलं तो आपल्या मनानं भरतो.

पौर्णिमेच्या दुपारी ऊन लई होतं, विहाराची दारं लावून घेतली. पहिल्याच दृश्यात डोंगरावरचा विहार, घंटा, चीवर घातलेले भंते. सगळ्यांनी हात जोडले. संघपालनं तर डोळेही मिटले. उघडले तेव्हा समोर एक मेलेली बाई हातमागावर बसून सूत नसलेला माग चालवत होती. आपल्याला कुणी मारलं, ते ती शोधत होती.

एक माणूस उठला नाही. खिरीच्या वाट्या हातातच राहिल्या. आणि संघपाल? "मागं बघ गं, मागं!" असं तो पडद्यावरच्या बाईला तीनदा ओरडला. मी बघत होते ना.

मग त्या बाईनं भंतेकडं बोट केलं. तेव्हा संघपालला आठवलं की आपण अध्यक्ष आहोत. त्यानं माझी वायर उपटली, माइक ओढला आणि गरजला, "भंतेला खुनी दाखवता? बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण, अन् ही बाई विहारात भूत नाचवती!"

"मी कुठं भूत मानते? मी पिच्चर मानते," पंचशीला म्हणाली. "अकरा मिनिटं राहिलीत. तेवढी बघ, मग बोल."

"लेखी माफी द्या, तवाच मशीन मिळंल."

"कशाची माफी? दीड तास तोंड वासून बघितलं कोण?"

लोक हसले. त्या हसण्याची शिक्षा मला झाली, समितीच्या लोखंडी कपाटात.

दुसऱ्या दिवसापासून बाया पंचशीलाच्या मागं लागल्या. मागावालीचं काय झालं? भंतेनं खरंच मारलं का? तिचं एकच उत्तर, "माझी मशीन आणा. तवर एक शब्द न्हाई."

संघपालची आई सिंधुबाई तर लेकाला म्हणाली, "शेवट कळल्याबिगर मी तुझ्या घरात चूल पेटवत न्हाई." आणि समितीच्या बैठका! कपाटातून सगळं ऐकू यायचं. हिशेब बाजूला, आणि दाढीमिशावाले एकमेकांवर ओरडताहेत, "भंतेचाच हात हाय!" "हॅट, ते खरे भंतेच नसतील!" माफी मात्र बाईनं मागायची.

आज दुपारी संघपालनं एकट्यानं कपाट उघडलं. दार आतून लावलं, मला टीव्हीला जोडलं आणि बटण दाबलं. "चाल की गं माय," असं चक्क विनवलं. मला चालता आलं असतं. तबकडीला दोन गिरक्या दिल्या आणि थांबले. तो दाबत राहिला, मी थांबत राहिले. बिघाड नव्हता तो. नकार होता.

शेवटी त्यानं मला टॉवेलात गुंडाळलं आणि पंचशीलाच्या दारात आणलं. "ताई, माफी ऱ्हाऊ द्या. ही घ्या मशीन. तेवढा शेवट सांगा."

तिनं वर बघितलंही नाही. "मला माइकवर बोललास ना? माइकवरच परत घे. मंग सगळ्यांसंगं बसून बघ."

"लोक हसतील ना ताई."

"मला चारचौघांत बोललास तवा गोड लागलं ना?"

तो अजून दारातच उभा आहे, मला छातीशी धरून, घामानं निथळत. जातही नाही, हो म्हणतही नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यातल्या कुणी तो पिच्चर पाहिला असेल तर हात जोडून सांगते, त्याची कीव करू नका. त्याच्या कानात शेवट सांगू नका. तो सांगायचा हक्क पंचशीलाचा आहे. आणि हा माणूस माइक हातात घेत नाही तोवर मी फिरणार नाही.