लाल पट्टी आणि तोटीचा पेला

मित्रांनो, मी पांढऱ्या एनॅमलचा एक जुना पेला आहे. कडेला टवका उडालाय, पण तोटी अजून धड आहे. आडव्या पडलेल्या रोग्याला उठून न बसवता पाणी पाजायचं, हाच माझा जन्माचा उद्योग.

माझ्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. लढाईच्या आघाडीवरच्या इस्पितळात गेलेल्या त्या पहिल्याच बाई. "चार दिवसांत रडत परत जातील," असं मोठे डॉक्टर म्हणाले होते. ताई चार वर्षं राहिल्या. पुढे तेच डॉक्टर ताई शेजारी असल्याशिवाय कात्रीला हात लावत नसत. मीही तेव्हा मोठ्या तोऱ्यात असे.

तिथे एक रीत होती. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, म्हणून त्याच्या मनगटाला लाल पट्टी बांधत. एका दुपारी जखमींची रीघ लागली. पोटवाल्यांच्या रांगेतला, पलटणीतला एक सुतार सारखा विनवत होता, "ताई, घोटभर पाणी द्या हो." मनगटाला लाल पट्टी! ताईंनी काळजावर दगड ठेवून त्याचे नुसते ओठ ओले केले. मी भरलेला तसाच बाजूला. संध्याकाळी तो गेला. अंग पुसायला ताईंनी पांघरूण काढलं, तर पोटावर साधा ओरखडा नाही. मांडीतून रक्त वाहून गेलेलं. मनगट खरचटलं म्हणून त्यानं स्वतःच लाल रुमालाची चिंधी बांधली होती आणि ती बघूनच त्याला पोटवाल्यांच्या रांगेत ठेवलं होतं.

तो वाचला असता की नाही, देव जाणे. पण तहानलेला तरी गेला नसता. ताई मला छातीशी धरून ढसाढसा रडल्या.

पुढे निर्वासितांच्या छावण्या झाल्या, महापूर झाले. ताई आधी पांघरूण उचलायच्या, मग बोलायच्या. मानपत्रं त्यांनी पेटीत टाकली आणि मला उशाशी ठेवलं.

परवा ताई स्वतःच इस्पितळात खाटेवर होत्या. भाचीनं मला भरलं, तोच परिचारिका धावत आली.

"अहो, पाणी नका देऊ! खाटेवरची पाटी दिसत नाही का?"

ताई कशाबशा म्हणाल्या, "पाटी राहू दे, बाळ. आधी मला बघ."

तिनं कागद चाळले आणि तिचा चेहरा उतरला. पाटी आदल्या रोग्याची होती, काढायची राहून गेली होती. तिनं स्वतः मला ताईंच्या ओठांना लावलं. ताईंनी दोन घोट घेतले. तिसरा घेतला नाही.

आता मी भाचीच्या फळीवर कोरडा पडून आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण कुणी पाणी मागितलं, तर नुसत्या खुणेवर जाऊ नका, पांघरूण उचलून बघा. त्या सुताराचं घोटभर पाणी माझ्याकडून द्यायचं राहिलंय.