यमुनाबाईंची दगडी पाटी

मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्यावरची अक्षरे गेल्याचे ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून सांगते. यमुनाबाई वारल्या, त्यांचे सुतक त्या दिवशी फिटले होते. घर सारवून झाले होते, कपडे वळणीवर होते आणि मी अंगणात उन्हात वाळत होते. यमुनाबाईंचे यजमान गंगाराम मिस्त्री आत गेले, त्यांनी उशाकडचा कोनाडा पाहिला आणि ते तसेच बाहेर आले.

"आक्का, पाटी कोणी धुतली?"

"मी," त्यांची थोरली बहीण हौसा म्हणाली. ती बुरोंडीहून आली होती. "सुतकाचं घर. मयताच्या उशाची वस्तू. धुवायची नाय तर काय पुजायची?"

"तिनं शाळेतल्या मुलींसाठी लिवलं होतं त्यावर."

"मला काय वाचता येतं, बाबा? मला वाटलं रेघोट्या हायत."

मिस्त्री ओट्यावर बसले. शाळा कमिटीची सभा परवावर आली होती.

मित्रांनो, माझा दगड बोटीने मांडवी बंदरात उतरला, ते साल १९२४. मिस्त्री पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, दुरुस्त करीत. त्यांनी फणसाच्या लाकडाची चौकट करून मला त्यात बसवले. यमुनाबाई माझ्यावरच शिकल्या, परीक्षा पास झाल्या आणि मुलींच्या शाळेत बाई झाल्या.

त्यांची एक रीत होती. कोणत्याही वादात आधी समोरच्याचे म्हणणे लिहायचे, तेही त्याला पटेल असे. मग आपले. माझ्यावर जागा थोडी, म्हणून नवे वाक्य हवे असेल तर जुने एक पुसायचे. कागदावर उतरवायचे ते सगळे पक्के झाल्यावरच.

बाई गेल्या त्या वर्षी कमिटीने मुलींचे वरचे वर्ग बंद करायचे जवळजवळ ठरवले. बाई मुलींना घेऊन उत्तर तयार करू लागल्या. सहावीतल्या उमाने लिहिले, "मुली समाजाचा अलंकार आहेत, म्हणून त्यांना शिकवावे."

बाई म्हणाल्या, "कमिटीचे हरिश्चंद्रशेट विचारतील, अलंकार पेटीत ठेवतात ना? मग ठेवा घरात. हे वाक्य त्यांच्या बाजूचं झालं गो. पूस."

मुली हसल्या. उमाने पुसले. एकेक मुद्दा पक्का होऊन कागदावर गेला. एकच राहिला. हरिश्चंद्रशेट म्हणत, "मुली अर्ध्यावर शाळा सोडतात. मग वर्ग कोणासाठी चालवायचा?" ते खोटे नव्हते. त्याचे उत्तर बाईंनी तापात, अंथरुणात बसून माझ्यावर लिहिले. मला माझ्यावरचे वाचता येत नाही. कोणी मोठ्याने वाचले तरच कळते. पण बाईंचा आवाज तोवर बसला होता.

तेच धुतले गेले.

संध्याकाळी उमा आणि मुली आल्या. मिस्त्रींनी मला पुढे केले. उमाने मला उलटसुलट करून पाहिले.

"काका, बाईंनी काय लिहिलं होतं?"

"मी दुसरी शिकलेला. लिहिताना तिचा हात धरून बसलो होतो. वाचलं नाय."

मग उमाने रीतीप्रमाणे आधी शेटांचे म्हणणे मोठ्याने म्हणत माझ्यावर लिहिले. त्याखाली काहीच सुचेना. लिहीत होती, पुसत होती. वरची ओळ मात्र तशीच होती.

सभेला ती मला काखेत घेऊन गेली. कागदावरचे सगळे तिने वाचले. शेटांनी विचारलेच, "आणि अर्ध्यावर सोडून जातात त्यांचं काय, पोरी?"

उमाने माझ्याकडे पाहिले. नुसता त्यांचाच प्रश्न होता. तिने मला टेबलावर ठेवले.

"सोडून जातात, हे खरं. आमच्यातली मालिनी गेली. खाडीपलीकडे भाट्याला राहते, धाकट्या भावाला सांभाळते. भाऊ मोठा होईल. तेव्हा ती परत आली आणि वर्गच नसला, तर तिनं शाळा सोडली असं म्हणाल की शाळेनं तिला?"

एकाने खाकरून घेतले.

"बोलतेस बरी," शेट म्हणाले. "मग आण तिला. पुढच्या सभेआधी ती वर्गात बसलेली दिसू दे. नाहीतर वर्ग बंद."

मित्रांनो, माणूस गेल्यावर घर जरूर धुवा. पण आधी बघा, त्याचे काय अर्धे राहिले आहे. स्वतःला वाचता येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. तेवढा वेळ घर पारोसे राहिले तरी चालते.

पूर्वी कोणी मुलगी शाळेत यायची थांबली की यमुनाबाई स्वतः खाडी ओलांडून तिच्या बापाशी बोलायला जात. आता मिस्त्री सकाळी तरीवर, होडी सुटते तिथवर जातात, ती सुटेपर्यंत उभे राहतात आणि न चढताच परत येतात. उमाला एकटीला तिकडे कोणी पाठवत नाही. पुढची सभा जवळ आली आहे. मालिनीच्या घरी अजून कोणी गेलेले नाही.