हरण्याची तोकडी झूल

मी एक जुनी झूल आहे. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ना, तीच. मित्रांनो, माझ्याकडे नीट पाहा. मधलं अंग लाल, दोन्ही कडांना निळे पट्टे, आणि डाव्या पट्ट्यावर एका वाकड्या फुलाशेजारी गंजाचा डाग. डाग पाहून नाक मुरडू नका. माझ्या अंगावरची सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. ती का, तेच आज सांगते.

माझा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी, खुशालरावांच्या घरी झाला. तेव्हा कापसाचे दिवस होते. कुठे समुद्रापलीकडे लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी राजाचा मान आला. खुशालरावांच्या ओसरीवर आढ्यापर्यंत कापूस रचलेला असे. गंमत म्हणजे त्याच घरात शिवायला दोरा मिळत नव्हता! वेचलेलं बोंड न् बोंड गाडीत चढायचं, आणि घरचा चरखा कोपऱ्यात धूळ खात पडायचा.

त्या वर्षी सुभद्रा या घरात सून म्हणून आली. चांदूरच्या माहेराहून तिच्यासोबत हरण्या नावाचा बैल आंदण आला होता. तिचा त्याच्यावर फार जीव. एकदा ती बोलून गेली, "या पोळ्याले हरण्याले मी माह्या हातची झूल घालीन."

झालं! घरात हशा पिकला. सुभद्राची कीर्ती एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाली होती. अर्धी चोळी, अर्धं दुपटं, अर्धी पिशवी. तिच्या गाठोड्यात पुरं असं काही नव्हतंच.

सासू पार्बताबाई जिभेने भारी तिखट. त्या म्हणाल्या, "तुह्या हातची झूल घालाले हरण्याले पुढचा जन्म घ्या लागन."

सासरे खुशालराव मिशीत हसले. "मी अमरावतीहून साऱ्या बैलांले मखमली झुली आणून राहिलो. पोळ्यापर्यंत तुही झाली त तुही घालू. नाई त हरण्याबी मखमल घालन."

सुभद्राला शब्द लागला. आता हरण्या पोळ्याच्या तोरणाखाली कोणाच्या झुलीत उभा राहतो, यावर तिची सारी पत अडली होती.

पार्बताबाईंच्या विटक्या लाल लुगड्यातून मी बेतली गेले. आत जुन्या धोतराचे थर. दोरा नव्हता, म्हणून सुभद्राने लुगड्याच्या काठातले धागे उसवून घेतले. पण कापूस वेचून वेचून तिची बोटं खरखरीत झालेली. धागा बोटांना अडके, गुंता होई, ती वैतागे आणि सुई माझ्या अंगात खोचून उठून जाई. मग मी आपली पोटात सुई घेऊन कोपऱ्यात पडून राही.

शेजारी गुलाम नबी रंगारी राहायचे. त्यांची बायको बिल्कीसबी कशिद्यात मोठी तरबेज. एक दिवस तिने माझ्यातली सुई उपटली आणि सुभद्राच्या हातात ठेवली.

"बहेन, सुई कपड्यात खोचून उठू नोको. फूल हाती घेतलं त पुरं करूनच ऊठ. लहान घे, पन पुरं कर."

तिने रंगाच्या माठात बुडवलेले हिरवे-पिवळे धागेही आणून दिले. तिथून माझं नशीब फिरलं. सुभद्रा शेतात जाण्याआधी बसायची, एक बारीकसं फूल काढायची, गाठ मारायची आणि मगच उठायची. आषाढ सरता सरता मी अंगभर फुलले होते. खरं सांगते, मखमलीला मी तेव्हा मोजतही नव्हते.

पण एक घोटाळा होऊन बसला होता. सुभद्राने हरण्याचं माप सुतळीने घेतलं होतं चैत्रात. रेल्वेचे रूळ तेव्हा अकोल्याला पोचले नव्हते. कापसाच्या गाड्या दूरवर ओढून हरण्या परतला होता, आणि त्याच्या बरगड्या दिसत होत्या. पुढे पावसाळाभर तो हिरवा चारा खाऊन असा गोल झाला की बस! माप पुन्हा घ्यावं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि सुभद्राने मोठ्या तोऱ्यात मला हरण्यावर टाकलं. मी पाठीवर बसले, पण कुशीवर अर्ध्यातच संपले. थोराने लेकराचं कुडतं घालावं तशी त्याची गत झाली. पोटाखाली बंद बांधता येईनात. सारे पोट धरधरून हसले. सुभद्राच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिने मला काढलं, गुंडाळलं आणि जुन्या सवयीने सुई माझ्यात खोचून दिली.

हसल्या नाहीत त्या एकट्या पार्बताबाई. त्या आत गेल्या आणि पेटीच्या तळातून एक बोचकं घेऊन आल्या. त्यात वेलबुट्टी काढलेले दोन निळे पट्टे होते. एकावर शेवटचं फूल अर्धंच राहिलं होतं, आणि त्यात खोचलेली सुई पार गंजून तिचा डाग कापडावर उतरला होता.

"मीबी बैल आणला होता आंदणात," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी झूल करत होतो. पोळ्याच्या आंधीच थो रोगानं गेला. मंग सुई खोचली अन् पेटी लावली. तुले हासत होतो न सुभद्रे, थे माह्यावरच हासत होतो."

सुभद्राने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. त्या घरात इतकी माया मी पहिल्यांदाच पाहिली.

पोळ्याच्या सकाळी बिल्कीसबी आली. तिघी मिळून बसल्या आणि पट्टे माझ्या कडांना जोडले. राहिलं ते अर्धं फूल. सुभद्राने नव्या सुईत दोरा ओवला आणि सासूपुढे धरला.

"आत्याबाई, हे तुमचं फूल हाय. तुमीच पुरं करा."

"माह्ये डोये गेले वो आता. वाकडं होईन."

"होऊ द्या."

बाहेर वाजंत्री सुरू झाली. खुशालराव अंगणातून ओरडले, "बैल निंगाले! मखमल टाकू काय हरण्यावर?"

"थांबा जरासे!" पार्बताबाई आतून गरजल्या. आणि त्या गाठ मारूनच उठल्या.

आता मी हरण्याच्या दोन्ही कुशींवरून ऐटीत खाली आले. बंद बांधताना खुशालरावांचा हात निळ्या पट्ट्यावर थांबला. त्यांनी पार्बताबाईंकडे पाहिलं. "हे तुही झूल हाय," एवढंच म्हणाले आणि हाती घेतलेली मखमल त्यांनी खुंटीला अडकवली. तोरणाखाली त्यांनी हरण्याचा कासरा स्वतः धरला आणि त्याला सगळ्या बैलांच्या पुढे नेऊन उभं केलं.

पुढे रेल्वे आली, मखमली झुलींची लव उडून त्या टकल्या झाल्या. मी मात्र कितीतरी पोळे मिरवले. मग माळ्यावर पडले, उंदरांनी एक कोपराही कुरतडला. आता मला खाली काढून भिंतीवर टांगलंय. तरी माझा टाका सैल झालेला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या गाठोड्यात सुई खोचलेलं काही पडलं असेल. ते काढा आणि ज्याचं असेल त्याच्या हाती द्या. फूल वाकडं येईल, येऊ द्या. माझ्यावर सुभद्राची किती तरी सरळ, सुबक फुलं आहेत. पण मला पाहायला आलेली माणसं बोट ठेवतात, ते पार्बताबाईंच्या वाकड्या फुलावरच.