जे मला दिसलं नाही

मित्रांनो, उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात कापडाखाली झाकून ठेवलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक. ज्यांना मूल होत नाही, अशा आईबापांसाठी इथं काचेच्या बशीत भ्रूण वाढवतात. भ्रूण म्हणजे बाळाची पहिली सुरुवात, मोहरीहून कितीतरी लहान. ती दिसावी म्हणून माझी भिंगं घासली गेली. बारा वर्षं मी राबलो. "याच्यासारखी नजर कुणाची नाही," असं प्रयोगशाळेतल्या मंजुषाताई म्हणायच्या, आणि मी फुलून जायचो.

एके सकाळी माझ्यासमोर दोन घरांच्या बश्या आल्या. पहिली सोनियाताईंची. त्यांच्या घराण्यात कुठलाच आजार नव्हता. तरी मनाची खात्री म्हणून त्यांच्या प्रत्येक भ्रूणाच्या चार पेशी जनुकांच्या तपासणीला पाठवल्या. दुसरी लासूर स्टेशन गावच्या मेघाताईंची. त्यांची पहिली मुलगी थॅलेसेमियानं गेली होती. या आजारात अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, आणि तो आईबापांकडूनच येतो. तपासणीची खरी गरज मेघाताईंना होती. पण ती फार महाग, आणि त्यांचं होतं नव्हतं ते उपचारातच संपलं होतं.

"ताई, ह्याला तसलं काय नाय ना?" मेघाताईंनी विचारलं.

मंजुषाताईंना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. "या, तुम्हीच बघा. किती सुरेख आहे!"

मेघाताईंनी माझ्यावर डोळा टेकवला. मी त्यांना गोल, नितळ भ्रूण दाखवलं. जनुकातला दोष माझ्या भिंगांतून दिसत नाही, हे मंजुषाताईंना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मेघाताईंना मात्र कुणी सांगितलं नाही. ते भ्रूण त्यांच्या गर्भाशयात ठेवलं गेलं. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी पोटातलं बाळ तपासायला सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "म्या डोळ्यानं बघितलंय त्याला. चांगलं हाय."

मेघाताईंना मुलगा झाला, सार्थक. सात महिन्यांचा असताना तो पांढरा पडू लागला; त्यालाही तोच आजार होता. आज तो सहा वर्षांचा आहे. दर तीन आठवड्यांनी सरकारी दवाखान्यात त्याला रक्त चढवतात. मधल्या काळात इथं नवं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेलो. त्याचं दुःख नाही; उलट बरंच वाटलं.

परवा मंजुषाताईंनी मेघाताईंना मुद्दाम बोलावून घेतलं; सार्थकही सोबत आला. त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या. "त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं. आजार या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मला माहीत होतं, मेघाताई."

मेघाताई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तिसऱ्या महिन्यात तपासलं असतं. पुढं काय केलं असतं, मला नाय ठाव. पर ठरवलं असतं ते आमी." मग त्यांनी सार्थकला जवळ ओढलं. "आन् ह्यो चूक नाय, ताई. ह्यो माझा ल्योक हाय."

सार्थकनं तोवर माझं कापड ओढलं होतं. मंजुषाताईंनी ओल्या डोळ्यांनी त्याचाच एक केस माझ्याखाली ठेवला.

"आये, केवढा दोरखंड!" तो ओरडला. त्याच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या. मला त्याच्याकडे पाहायचं धाडस होईना.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी नवी यंत्रं बनवील. जी तपासणी एखाद्याला नुसत्या खात्रीसाठी मिळते, ती लासूरच्या गरजवंतालाही मिळू द्या. आणि तोवर समोरच्याला 'हे मला दिसत नाही' एवढं तरी सांगा. मला जीभ नाही. तुम्हाला आहे.